चांदीचं बोट

१२ जानेवारी, सोमवार

धाकटोबा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील तर हे पत्र बहुधा फोडलंच नसशील. फोडलं असशील तर आता पान संपेपर्यंत तरी वाच. एकेचाळीस वर्षांनी लिहिते आहे. पत्ता आतेभावाने दिला, तोही फार आढेवेढे घेऊन. ‘आता काय राहिलंय तुला त्याच्याशी बोलायचं?’ असं वर ऐकवलंन.

बातमी अशी की आपल्या सिनेगॉगचं काम निघालंय. छप्पर, खिडक्या, फरशी, सगळं जुन्यासारखं नवं करणार आहेत. शिवाय मागच्या बाजूला दोनशे खुर्च्यांचा नवा हॉल. कुणाचा तरी नातू परदेशात मोठा झाला, त्याला आजोबांच्या नावाची पाटी लावायची आहे. गेल्या शनिवारी प्रार्थनेला आठ पुरुष होते. दहा झाल्याशिवाय कपाट उघडून तोरा ग्रंथाची चामडी गुंडाळी बाहेर काढता येत नाही, हे तुला मी सांगायला नको. आठ जण दहा वाजेपर्यंत दरवाजाकडे बघत बसले आणि घरी गेले. तिथे आता दोनशे खुर्च्या येणार. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

हॉलसाठी मागची भिंत पाडायची म्हणतात, बायकांच्या सज्ज्याच्या जिन्याखालची. मी सभेत उभी राहून विरोध केला. जन्मात कधी तोंड न उघडलेली बाई सज्ज्यातून खाली येऊन बोलायला लागली म्हणून सेक्रेटरींचा चष्मा नाकावर घसरला. मी म्हटलं, ही भिंत म्हणजे आपला इतिहास आहे. आर्किटेक्ट मुलगी मला मावशी म्हणते. तिने शांतपणे भिंतीवर बोटांनी ठोकून दाखवलं. म्हणाली, ‘मावशी, ही भिंत मूळची नाहीच. नंतर बांधली आहे आणि आत पोकळ आहे.’ मग मी विषय बदलला.

बाकी बरं आहे. गुडघे बोलतात. तुझे मेहुणे जाऊन सहा वर्षं झाली. आई तू गेलास त्याच्या दुसऱ्या वर्षी गेली, बाबा त्यानंतर अकरा वर्षांनी. तेव्हा तुला कळवलं होतं का, ते आता आठवत नाही.

उत्तर दे असं म्हणत नाही. जमलं तर दे.

तुझी ताई


३ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटोबा,

उत्तर नाही. ठीक आहे.

आधी एक दुरुस्ती. आई-बाबा गेल्याचं तुला कळवलं नव्हतं. मागच्या पत्रात ‘आठवत नाही’ लिहिलं ते खोटं. चांगलं आठवतं.

काम सुरू झालं. बाकं बाहेर काढून प्रत्येकाला नंबर बांधलाय. तू ज्या बाकाच्या खालच्या बाजूला खिळ्याने जहाज कोरलं होतंस त्याला सतरा नंबर आलाय. जहाज अजून आहे. मी वाकून पाहिलं, मग उठता येईना, गवंड्याने हात दिला. हा गवंडी म्हातारा आहे, तोंडाळ आहे आणि कामात पक्का आहे. चुना चिमटीत घेऊन चोळतो आणि मगच पुढे लावायला देतो. मधल्या काळात कुणीतरी भिंतींना सिमेंट थापलं होतं, त्याच्यावर तो दिवसभर चिडलेला असतो. म्हणतो, सिमेंटने भिंतीचा श्वास कोंडतो, ओल आतल्या आत राहते आणि मग एक दिवस सगळं पोपडे होऊन पडतं. मी मान हलवली आणि तिथून उठले.

कपाटही रिकामं केलं. गुंडाळी माझ्या घरी आणून ठेवली आहे, पांढऱ्या चादरीत. आर्किटेक्टने विचारलं की वाचताना ओळीवरून फिरवायची ती चांदीची काठी कुठे आहे, कारण प्रत्येक सिनेगॉगमध्ये एक तरी असते. मी लाकडी काडी दाखवली. तिने ती हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली.

बाबांनी त्या दिवसानंतर दुसरं चांदीचं बोट घेऊ दिलं नाही. वीतभर दांडी, टोकाला इवलीशी मूठ आणि त्यातून पुढे आलेलं एक बोट. माणसाचं बोट चामड्याला लागू नये म्हणून ते. लहानपणी तुला वाटायचं की ते देवाचं आहे आणि रात्री वाढतं. तू बुधवारी ते घासून लखलखीत केलंस. कपाटाची चावी तुझ्याकडे होती. शनिवारी सकाळी, दहा काय चाळीस पुरुष जमलेले, बाबांनी वाचायला हात पुढे केला आणि बोट नव्हतं. त्याआधी महिनाभर तू म्हणत होतास की मला हे गाव सोडायचं आहे. दोन अधिक दोन सगळ्यांनी केले. बाबांनी सगळ्यांसमोर तुझ्या थोबाडीत मारली. मी वर सज्ज्यात आईच्या शेजारी उभी होते.

आठव्या दिवशी तू गेलास. पळाला म्हणजे त्यानेच घेतलं, असं गावाने म्हटलं. तुझे मेहुणे तर पुढे थट्टाच करायचे, ‘चोराची बहीण केली आहे, डबे मोजून ठेवा.’ मी हसायची.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते उगीच नाही. मी एवढंच म्हणते की तू चोर नव्हतास, हे मला ठाऊक होतं. कसं ठाऊक, ते पुढच्या पत्रात लिहीन. आज हात दुखतोय.

ताई


२६ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटोबा,

हात दुखत नव्हता.

आज भिंत पाडली. आता लिहायला हवं.

आपल्याकडची जीर्ण पानं, फाटके कपडे, ज्यांच्यावर देवाचं नाव आहे किंवा जे गुंडाळीला लागलेलं आहे, ते आपण फेकत नाही, जाळत नाही. आई आणि मी ते पोत्यात शिवायचो आणि जिन्याखालच्या पोकळीत ठेवायचो. माणसाला मूठमाती देतात तशी कधीतरी त्यालाही द्यायची, कबरस्तानात, न उघडता. त्या वर्षी पोकळी भरली म्हणून बाबांनी गवंडी बोलावून ती बंद करून घेतली. तो गुरुवार होता. माझ्या लग्नाला एकोणीस दिवस होते.

आदल्या संध्याकाळी, बुधवारी, मी गुंडाळीची जुनी मखमली खोळ काढून नवी चढवली. नवी मी स्वतः शिवली होती, जाताना आठवण म्हणून. जुनीचं अस्तर फाटून लोंबत होतं. तू घासून ठेवलेलं बोट साखळीने त्या जुन्या खोळीवर अडकवलं होतंस, नेहमीच्या जागी. मी खोळ वर ओढली तेव्हा साखळी अस्तरात गेली असणार. मी पाहिलं नाही. आई माझ्या होणाऱ्या सासूची नक्कल करत होती आणि आम्ही दोघी इतक्या हसत होतो की खोळ तशीच घडी करून पोत्यात घातली आणि तोंड शिवलं. शिवताना काहीतरी टणक लागलं. मला वाटलं खोळीच्या टोपीतली लाकडी चकती असेल. पांढरा दोरा संपला होता म्हणून लाल वापरला.

शनिवारी बाबांनी रिकामा हात पुढे केला त्याच क्षणी मला तो टणकपणा बोटांना आठवला. सज्ज्यात उभ्या उभ्या. तुझ्या थोबाडीत बसायच्या आधी.

किती छोटी गोष्ट होती रे. तिथल्या तिथे ओरडले असते तर चाळीस माणसं हसली असती, रविवारी गवंडी आला असता, चार विटा काढल्या असत्या. पण मी म्हटलं, बाबा भडकलेत, उद्या सांगू. उद्या तुझं आणि बाबांचं नको नको ते बोलणं झालं. मग म्हटलं, जरा निवळू दे. एकेक दिवसाने ते सांगणं जड होत गेलं, आणि तू गेलास तेव्हा ते बोट हरवल्याची चूक राहिली नाही, तुला घालवल्याची झाली. लग्न लागलं. सासरे तेव्हा सिनेगॉगचे अध्यक्ष. मी ताकास तूर लागू दिली नाही.

आज चौदा पोती निघाली. गवंड्याने एकेक हातात धरून, लहान मूल उचलावं तशी बाहेर आणली. आमच्यातला नाही, पण त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही. आर्किटेक्टला सगळी उघडून फोटो काढायचे होते. सेक्रेटरी म्हणाले, नाही, रिवाज म्हणजे रिवाज, पोती न उघडता पुरायची. जूनमध्ये, उद्घाटनानंतर.

मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. एकेचाळीस वर्षांनी पहिल्यांदा श्वास मोकळा झाला. कुणी उघडणार नाही, जमिनीत जाईल, माझ्यासोबत संपेल. तुला जानेवारीत पत्र लिहिलं ते तुझ्या आठवणीने नव्हे. भिंत पडणार या धसक्याने लिहिलं, कुणी दुसऱ्याने सांगायच्या आधी आपण गोड व्हावं म्हणून. अशी तुझी बहीण.

ताई


२ मार्च, सोमवार

मी पोतं उघडलं.

चौदाही पोती सध्या सतरा नंबरच्या बाकावर आणि शेजारी रचली आहेत. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी तिथे गेले. लाल टाके लांबूनच दिसले. किती घाईचे, किती वेडेवाकडे, नवरी होणाऱ्या मुलीचे. कात्रीने कापले. मखमल हातात घेतली तर चुरा व्हायला लागली. अस्तरात ते होतं. काळं पडलंय, साखळीला कापडाचे धागे गुंतलेत, पण बोट सरळ आहे, कुठे वाकलं नाही.

मी पदरात घेऊन बसले. रडले असं लिहिलं तर तुला वाटेल मला तुझी माया मिळवायची आहे, म्हणून लिहीत नाही.

गवंडी आधी परतला. त्याने माझ्याकडे पाहिलं, कापलेल्या पोत्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हे मी हरवलं होतं. तो म्हणाला, ‘सापडलं ना? मग झालं.’ मी त्याला सांगितलं की झालं नाही, यापायी एक माणूस गेला. त्याने थापी बादलीत ठेवली आणि विचारलं, ‘मेला?’ मी म्हटलं, नाही, पण उत्तर देत नाही.

त्याने थापी पुन्हा उचलली. नंतर म्हणाला, ‘बाई, मग अजून वेळ आहे.’ त्याला काय ठाऊक.

मी ते तोंडावर पदर धरून, पायऱ्या चढून, सेक्रेटरींच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि सगळं सांगितलं. पहिल्यापासून. नाव घेऊन.

ताई


८ जून, सोमवार

धाकटोबा,

तीन महिने लिहिलं नाही. वाटलं, आता तुझी पाळी. ते चुकलंच. पाळी माझीच आहे, मरेपर्यंत.

काल उद्घाटन झालं. हॉल देखणा झालाय, हे कबूल करते. जुनी खिडकी तशीच ठेवून तिच्यातून नव्या हॉलमध्ये उजेड घेतलाय. दोनशे खुर्च्या भरल्या. परदेशातला नातू आला, त्याची माणसं आली, फोटोवाले आले.

तुझं बोट आता काचेच्या पेटीत आहे. घासून पुन्हा लखलखीत केलंय, तू केलं होतंस तितकं मात्र नाही. खाली चिठ्ठी: ‘नूतनीकरणाच्या कामात सापडलेली चांदीची वाचनकाठी.’ एवढंच. मी सेक्रेटरींशी आठवडाभर भांडले की हिच्यावर माझ्या भावाचं लिहा, त्याच्यावर आळ आला होता, तो खोटा होता. ते म्हणाले, ‘वहिनी, चोरी झाली होती हेच आता कुणाला माहीत नाही. आपण होऊन कशाला सांगायचं?’

तरी मी सांगितलं. भाषणं संपत आली तेव्हा सज्ज्यातून खाली उतरले आणि माईक मागितला. म्हटलं, अमुक वर्षी या सिनेगॉगमध्ये माझ्या धाकट्या भावाला चोर ठरवलं गेलं, चोरी झालीच नव्हती, चूक माझी होती आणि ती मला त्याच दिवशी कळली होती, तरी मी गप्प बसले. आता लोक माझ्या तोंडावर थुंकतील असं वाटलं होतं. खरं सांगते, थुंकायला हवे होते.

त्यांनी टाळ्या वाजवल्या.

नातवाच्या बायकोने माझा हात धरून फोटो काढला, म्हणाली किती गोड गोष्ट आहे. एकाने सुचवलं की भावाला फोटो पाठवा, खूश होतील. त्या शनिवारी हजर असलेल्या पुरुषांपैकी एकच आता जिवंत आहे, तो शिंपी, ज्याने सगळ्यांत आधी ‘झडती घ्या’ म्हटलं होतं. चाकाच्या खुर्चीवर पहिल्या रांगेत होता. मी त्याच्यासमोर गुडघे दुखत असताना बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, कारण निदान एकाने तरी ऐकायला हवं होतं. तो हसला, माझ्या हातावर थोपटलं आणि विचारलं, ‘कोण धाकटा?’

ज्यांच्यासमोर तुझं नाव धुऊन काढायचं होतं ते सगळे कबरस्तानात गेले, धाकटोबा. मी इतकी थांबले की तू चोर होतास हेसुद्धा कुणाला आठवत नाही. तुझ्यासाठी आता या गावात ना आळ उरला ना माफी.

ताई


१७ जून, बुधवार

धाकटोबा,

हे शेवटचं. यापुढे तुला त्रास देणार नाही.

गेल्या शनिवारी सात पुरुष होते. जुन्या प्रार्थनागृहात, नव्या रंगाच्या वासात बसले, मागे दोनशे खुर्च्या रिकाम्या. कपाट उघडलंच नाही.

आज पोती पुरली. खड्डा बाबांच्या कबरीला लागून काढला आहे, जागा तीच शिल्लक होती. तेच सात जण आले, मी आले, आणि गवंडी आला, कामाचा खाडा करून.

एक गोष्ट अजून लपवली होती. माईकवरही सांगितली नाही.

तू गेल्यावर चार महिन्यांनी बाबांनी मला बसवून तुला पत्र लिहायला लावलं होतं. अक्षर माझं, शब्द त्यांचे: जे नेलंस ते आणून ठेव, कुणी काही विचारणार नाही. तुझा पत्ता तेव्हाही आतेभावानेच दिला होता. बाबांचं नाव पाहून तू फोडणार नाहीस म्हणून पाकिटावर मागे माझ्या सासरचा पत्ता घातला. तुझं उत्तर आलं ते म्हणून माझ्या हातात आलं. दारात उभं राहून वाचलं. बाबांच्या सवयीप्रमाणे तू डोक्यावर देवाचं नाव लिहिलं होतंस आणि खाली एकच ओळ:

‘मी नेलं नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर ताईला विचारा, ती खरं सांगेल.’

मी ते बाबांना दिलं नाही. बाबा रोज विचारायचे, आलं का काही? मी म्हणायची, नाही. पुढे विचारणं थांबलं. पण दर शुक्रवारी कपाट झाडताना ते त्या खालच्या कोपऱ्यात हात फिरवायचे, कुणी गुपचूप आणून ठेवलंय का बघायला. डोळे गेल्यावरही फिरवायचे. अकरा-बारा वर्षं मी ते सज्ज्यातून पाहिलं. पोराने साधं उत्तरही दिलं नाही, हे मनात घेऊन ते गेले.

तुझी ती चिठ्ठी मी चुलीत घातली असती. घातलीच असती. पण वर देवाचं नाव होतं म्हणून जाळता आली नाही, आणि पोत्यात घालायची तर आईने पाहिली असती. म्हणून लोखंडी पेटीत लग्नाच्या साडीखाली ठेवली. आई गेल्यावरही तिथेच राहिली. देवाला भ्यायले, तुला नाही, बाबांना नाही.

आज ती घेऊन गेले. सात जण पोती उतरवत होते तेव्हा मी बाबांच्या दगडाजवळ गेले आणि मोठ्याने वाचली. आधी देवाचं नाव, मग तुझी ओळ. मग म्हटलं, बाबा, विचारा मला. वारा होता, कुणाला ऐकू गेलं नसेल. कुणी विचारलं नाही.

मी चिठ्ठी त्या कापलेल्या पोत्यात, खोळीच्या चुऱ्यात ठेवली आणि तोंड पुन्हा शिवलं. दोरा लालच घेतला. सुई ओवता येत नव्हती, ती गवंड्याने ओवून दिली. पोतं सगळ्यांत शेवटी ठेवलं, बाबांच्या बाजूला. पहिली मूठ माती मी टाकली.

तुझं उत्तर बाबांना पोचवायला मला एकेचाळीस वर्षं लागली. आता तू मला उत्तर दिलंस तर ते मी कुणापासून लपवणार नाही. लपवावं असं कुणी उरलेलंच नाही.

ताई